शून्य नंबर

हिरव्या रेघा शून्यावर येऊन थांबल्या, तेव्हा तिने आधी यंत्रालाच दोष दिला. चष्म्याच्या काचेचा नंबर मोजायचं ते यंत्र चौदा वर्षांचं होतं. एका बाजूला काच टेकवायची, दुसऱ्या बाजूने डोळा लावायचा, चाक फिरवत राहायचं. आतल्या रेघा जिथे स्वच्छ दिसतील तो काचेचा नंबर. तिने खणातून उणे दोनची तपासणीची काच काढली. यंत्राने बिनतक्रार उणे दोन सांगितलं. मग पुन्हा तो छोटा, चहाच्या रंगाचा चष्मा ठेवला. उजवी काच शून्य. डावी काच शून्य. शेवटी तिने बाबांची जुनी पद्धत वापरली. काउंटरच्या कडेची सरळ रेघ काचेतून बघायची आणि काच डावी-उजवीकडे हलवायची. काचेत नंबर असला की रेघ काचेबरोबर किंवा काचेच्या उलट सरकते. ही रेघ जागची हलली नाही. खिडकीची काच हलवावी तसं झालं. तिच्यासमोर एक जाड कार्ड पडलं होतं, त्यावर समितीने सुबक अक्षरांत छापून घेतलं होतं: ‘दुकानाच्या कन्येने स्वतः वापरलेला, पहिल्या काळातला चष्मा. वय वर्षे नऊ. नंबर’ आणि पुढे मोकळी जागा.

ती मोकळी जागा भरायची होती, एवढंच काम होतं सकाळचं. बाजारपेठेतल्या दुकानदारांची समिती दर वर्षी आसपासच्या शाळांतल्या मुलांना मोफत चष्मे द्यायची. हे पंचेचाळिसावं वर्ष. तिच्या बाबांनी एकट्याने सुरू केलेलं काम आता साठ-सत्तर दुकानं मिळून चालवत होती आणि या वेळी समारंभात जुने चष्मे काचेच्या पेटीत मांडायचं ठरलं होतं. ही कल्पना समितीच्या अध्यक्षांची. त्यांचं चौकात टायरचं मोठं दुकान होतं, सगळे त्यांना टायरशेठ म्हणत. त्यांची आणखी एक कल्पना तिच्या काउंटरवर कालपासून पडून होती. नव्या चष्म्याचा नमुना, पिवळाधमक. उजव्या काडीवर समितीचं नाव, डाव्या काडीवर मदत करणाऱ्या दुकानांची नावं, बारीक पण वाचता येतील अशी. “दिलं तर दिसलं पाहिजे, ताई,” असं ते म्हणाले होते. “रस्त्यातून पोरगं चाललं की लांबून कळायला हवं, हे आपलं.” फ्रेम तिच्या दुकानामार्फत येणार, म्हणून कारखान्याला होकार तिने कळवायचा होता, आज पाच वाजेपर्यंत.

तिने ‘हो’ म्हणून टाकलंही असतं. पण गेल्या वर्षीचा एक आकडा तिच्या डोक्यातून जात नव्हता. एकसष्ट चष्मे दिले होते. तीन महिन्यांनी ती शाळांमधून फिरली आणि सवयीप्रमाणे मोजत गेली. नाकावर चौदा. बाकीच्यांना विचारलं तर एकच उत्तर, “दप्तरात आहे.” आणि दप्तरातून चष्मा निघायचाही, डबीत, अजून घडी न मोडलेला, पुसायच्या कापडासकट. एका मुलीने तर तो तिच्यासमोर घातला, फळ्यावरचं सगळं घडाघडा वाचून दाखवलं आणि पुन्हा काढून ठेवला. बाबांच्या काळात असं नव्हतं, हे तिला नक्की आठवत होतं. तेव्हा शाळेत जिकडेतिकडे तोच चहाच्या रंगाचा चष्मा. मधल्या सुट्टीत मैदानावर वीस-पंचवीस जण तरी एकाच फ्रेमचे. तिचा आजवर समज होता की तेव्हाची मुलं सांगितलेलं ऐकायची.

डबा माळ्यावर होता. बाबा जाऊन सहा वर्षं झाली, त्यांच्या हत्यारांची पेटी तिने वापरात ठेवली होती, पण हा पत्र्याचा डबा उघडायची वेळ आली नव्हती. नमुन्याच्या फ्रेमा असतील असं ती धरून चालली होती. आज पेटीसाठी स्वतःचा चष्मा शोधताना उघडला तर आत सात छोटे चष्मे, प्रत्येकाच्या मधल्या दांडीला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठी वाचायला तिला स्वतःचा जवळचा चष्मा लावावा लागला, अधिक सव्वादोन. चौपन्नाव्या वर्षी सगळ्यांनाच लागतो तसा, खराखुरा. बाबांचं किरटं, उजवीकडे कललेलं अक्षर: बेकरी. कापड. छापखाना. सायकल. वखार. मुख्याध्यापक. आणि सातव्यावर नुसतं ‘घर’. तिने एकामागून एक सातही यंत्रावर ठेवले. चौदा काचा, चौदा शून्यं. प्रयोगशाळेत असतं तर तिने वहीत लिहिलं असतं की विचलन नाही. इथे वहीही नव्हती, आणि जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं तिला झालं होतं.

कारण तिला तो दिवस आठवत होता. आठवत होता म्हणजे काय, तिचं अर्धं आयुष्य त्या दिवसावर उभं होतं. बाबांनी तिला खाली दुकानात नेलं, उंच स्टुलावर बसवलं. दुकानात तेव्हा काच घासायच्या चकतीचा ओला, दगडी वास असायचा. चकतीवर थेंबथेंब पाणी पडायचं आणि राखाडी लगदा कडेने खाली ओघळायचा. बाबांची बोटं कायम गार. त्यांनी चष्मा तिच्या कानांमागे अडकवला, काड्या गरम करून थोड्या वाकवल्या, पुन्हा अडकवला, मागे सरून मान तिरकी करून बघितलं. “टोचतंय?” ती नाही म्हणाली, टोचत होतं तरी. “वर्गात काढायचा नाही. खेळतानाही नाही.” आणि मग शाळेच्या व्हरांड्यातून समोरचं मोठं झाड, आणि त्या झाडाची पानं. आधी झाड म्हणजे एक हिरवा गोळा होता, चष्म्यातून एकेक पान सुटं झालं. ही गोष्ट तिने किती मुलांना सांगितली असेल! समोरचं पोर चष्म्याला घाबरून मुसमुसत असलं की ती खुर्ची जवळ ओढायची आणि म्हणायची, “मला पहिल्या दिवशी काय दिसलं सांगू? पानं.” शिक्षण संपल्यावर मोठ्या रुग्णालयातली नोकरी सोडून ती या अठरा फुटी दुकानात परत आली तीही त्या पानांसाठीच, असं ती लोकांना सांगे आणि स्वतःलाही. सातवीत बाबांनी चष्मा काढून घेतला, म्हणाले आता नको. पुढे प्रकाशशास्त्र शिकताना तिला कळलं होतं की लांबचा नंबर असा जात नाही. तेव्हा तिने मनाशी हिशेब घातला होता: पाव नंबर असेल, बाबा जरा जास्तच काळजी करणारे. आलेल्या शंकेला तिने खुर्ची न देताच वाटेला लावलं. साध्या काचेतून पानं सुटी होत नाहीत. मग तिने काय पाहिलं होतं?

दुपारी दुकान अर्धं ओढून ती वर गेली. आई खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होती, चष्म्याशिवाय. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला भलताच जोर आला होता. “माझे डोळे नवे आहेत, तुझे जुने,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर लेकीला ऐकवायची. ताट झाकून ठेवलेलं होतं. ती जेवायला बसली नाही.

“आई, लहानपणी मला नंबर किती होता?”

“कसला नंबर?”

“डोळ्यांचा.”

“तुझ्या डोळ्यांना काय धाड भरली होती?” आई कोड्यातून मान वर न करता म्हणाली, आणि मग पेन्सिल थांबली. “डबा सापडला वाटतं.”

“तुला माहीत होतं?”

“याच घरात राहत होते ना मी? भांडले होते यांच्याशी. दोन दिवस बोलले नाही. म्हटलं, पोरीच्या चांगल्या नाकावर खळगे पाडायला निघालात. तर म्हणाले, दुसऱ्यांच्या पोरींची नाकं काय लाकडाची आहेत?” आईने पेन्सिल कानामागे खोचली. “पहिल्या वर्षी बावीस चष्मे दिले. एकट्याने, रात्रंदिवस घासून. आठवड्याने शाळेत बघायला गेले तर बावीसच्या बावीस दप्तरात. घातला की पोरं ओरडायची, फुकटा आला, फुकटी आली. त्यात फ्रेम सगळ्यांना एकच, घाऊक घेतलेली. लपणार कुठे? हे यायचे आणि त्या खुर्चीत बसून राहायचे. जेवणावरचं मनच उडालं. मग एक दिवस तुझं बोट धरलं आणि खाली घेऊन गेले.”

“आणि बाकीचे? बेकरी, कापड?”

“ते सगळे वर्गणी घेऊन आले होते. चांगलं काम आहे, आमचाही हात लागू दे म्हणून. यांनी हात जोडले. म्हणाले, वर्गणी नको, तुमचं पोर द्या, तीन वर्षांसाठी. छापखानेवाला पांढराफटक पडला. त्याला वाटलं, डोळे मागतायत.” आईला आता हसू आवरेना, पदर तोंडाला लावून ती हसली. “बेकरीवालीच आधी तयार झाली. म्हणाली, माझा वडा तसाही भिंतीला धडकतच चालतो, कुणाला शंका येणार नाही.”

वडा म्हणजे बेकरीवालीचा गोलमटोल मुलगा. तिलाही तो आठवला, चष्म्याची काडी चघळत उभा राहणारा. ती हसली नाही.

“मला का नाही सांगितलं?”

“तेव्हा? तुझ्या तोंडात तीळ भिजत नव्हता.”

“नंतर? मी हेच शिकले, आई. याच दुकानात वीस वर्षं त्यांच्याशेजारी बसले.”

आईने कोड्याचा कागद उगाच सरळ केला. “नंतर तू ती पानांची गोष्ट सांगायला लागलीस. येईल त्या पोराला. कसे सांगणार? तू गोष्ट सुरू केलीस की ते आत उठून जायचे, आठवतंय का? काही काम नसलं तरी.”

आठवत होतं. आतल्या खोलीत चकती सुरू झाल्याचा आवाज यायचा आणि तिला वाटायचं, बाबांना तेच तेच ऐकून कंटाळा आला.

ती खाली आली आणि दुकान उघडायच्या आधी आतल्या खोलीत स्टुलावर बसली. राग आला होता, पण तो कशावर ठेवावा ते कळत नव्हतं. तीन वर्षं तिला ‘ढापणी’ म्हणत होते, ‘बॅटरी’ म्हणत होते. शर्यतीत चष्मा पडेल म्हणून ती हळू धावली आणि कायम शेवटून दुसरी आली. शेवटून पहिली यायची ती तिची बाकावरची मैत्रीण, जिचा नंबर जबर होता, काचा बाटलीच्या बुडासारख्या. हिच्या नाकावर चष्मा आला त्या आठवड्यात त्या मैत्रिणीने आपला चष्मा काढलाच नव्हता, आता आठवतंय. फ्रॉकच्या टोकाने सारखा पुसायची, पुसून आणखी धुरकट करायची. तिच्या वडिलांचं काम सुटलं आणि ती लोकं कुठेतरी निघून गेली, चौथीच्या परीक्षेआधीच. हात मात्र आठवतो, गरम, घामेजलेला, नखं वाढलेली. व्हरांड्यात त्या हाताने तिचं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतली होती. “अगं, पानं बघ! सुटी सुटी आहेत! एकेक! तुला पण दिसतायत?” आणि ती म्हणाली होती, हो, मला पण.

तिने डोळे मिटले आणि तो क्षण पुन्हा मोजून पाहिला, यंत्रावर काच पुन्हा ठेवावी तसा. झाड, व्हरांड्याचा गार कठडा, नखं. गोळा तिला कधी दिसलाच नव्हता. गोळा मैत्रिणीचा होता. पण पानं? पानं तिने पाहिली होती हे खोटं नव्हतं. तोवर ती रोज त्या झाडाखालून गेली होती, उत्तम डोळ्यांनी, आणि एकही पान पाहिलं नव्हतं. मनगट कुणीतरी धरल्यावर पाहिलं. बाबांनी तिच्या नाकावर साधी काच ठेवली नसती तर मैत्रीण असं विचारायला तिच्याकडे वळली असती का, हे कुठल्याच यंत्रावर मोजता येणार नव्हतं.

पाचला दहा मिनिटं असताना टायरशेठ आले. ते येत तेव्हा दुकान एकदम लहान व्हायचं. बसता बसताच सुरू झाले, “कळवलं का कारखान्याला? पिवळा फर्स्टक्लास दिसेल, ताई. फोटोत तर उठूनच दिसेल. आणि भाषण मी दोन मिनिटांतच संपवणार आहे, घाबरू नका. तोंडात पाणी भरायचं आणि उघड्या डोळ्यांवर गार पाण्याचे हबके, एवढंच सांगणार.” ही टायरशेठची गोष्ट. जशी तिची पानांची, तशी त्यांची गार पाण्याची. लहानपणी त्यांना चष्मा होता आणि रोजच्या हबक्यांनी आणि गाजरांनी नंबर समूळ गेला, हे ते पंचवीस वर्षं प्रत्येक समारंभात सांगत. समोर नवे चष्मे घेऊन बसलेली मुलं टाळ्या वाजवत आणि मनात काय ठरवत ते तिला गेल्या वर्षी दप्तरांत दिसलं होतं.

तिच्या हाताखाली ‘सायकल’ची चिठ्ठी बांधलेला चष्मा होता. टायरच्या आधी त्यांच्या वडिलांचं, दादांचं, सायकलींचं दुकान होतं. सांगावं का? सकाळपासून तिला स्वतःच्या पायाखाली पायरी सापडत नव्हती, तीच अवस्था या माणसाची करायची? छप्पन्न वर्षांचा हा आडदांड मनुष्य अजून रोज सकाळी गाल फुगवून डोळ्यांवर पाणी मारतो. बाबांनी तिला जे राहू दिलं, ते तिने याला राहू द्यावं. पण मग पिवळा चष्माच वाटला जाईल, आणि हबक्यांचं भाषण होईल, आणि फळा घडाघडा वाचणारी ती मुलगी चष्मा पुन्हा दप्तरात ठेवील. तिने चिठ्ठी तोडली नाही. चष्मा तसाच पुढे सरकवला. “हा तुमचा. पेटीत मांडायला.”

“माझा? आमच्या दादांनी परत केला होता होय!” त्यांनी तो दोन बोटांत धरला, अंड्याचं टरफल धरावं तसा, आणि डोळ्यांवर ठेवला. काड्या कानांपर्यंत पोचेनात, कानशिलांवरच अडल्या. त्या दोन छोट्या गोल काचांतून त्यांनी रस्त्याकडे बघितलं. “वा! समोरच्या पाटीवरचा फोन नंबरसुद्धा वाचता येतोय. बघा, म्हणजे नंबर पूर्ण गेलाय माझा.”

तिने डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवलं.

त्यांनी चष्मा काढला. पुन्हा लावला. गाडीचं चाक डुगडुगतंय का हे नुसत्या हाताने ओळखणारा माणूस तो. मग त्यांची मान हळूच तिच्याकडे वळली. “पण ताई, माझा नंबर गेला ते ठीक आहे. काचेचा कुठे गेला?”

तिने काउंटरची कड दाखवली, काच हलवून कसं बघायचं ते सांगितलं. त्यांनी हलवून बघितलं. डावीकडे, उजवीकडे, मग पुन्हा. मग शेजारी पडलेला तिचा चष्मा उचलून हलवला, त्यात रेघ धावली. पुन्हा छोटा घेतला. “हलत नाही,” ते म्हणाले. तिने डब्यातले बाकीचे सहा त्यांच्यापुढे ओळीने मांडले, चिठ्ठ्या वर करून, आणि आईने सांगितलं ते सगळं सांगितलं, बावीस दप्तरांपासून. ते चिठ्ठ्या एकेक वाचत होते. “वडा!” असं एकदा पुटपुटले. मग म्हणाले, “मला चष्मा लागला त्या दिवशी दादा आणि तुमचे बाबा बाहेर सायकलीपाशी उभे राहून हसत होते. मला वाटलं, मला हसतायत. घरी जाईस्तोवर रडलो.” थोड्या वेळाने, अगदी लहान आवाजात, “आणि गाजरं?”

“गाजरं चांगलीच असतात,” ती म्हणाली.

तेव्हा ते हसले, आधी नाकातून, मग सगळं अंग हलवत, आणि हसता हसता त्यांनी ते प्रसिद्ध डोळे रुमालाने पुसले. “छप्पन्न वर्षांचा घोडा मी. आज सकाळीपण मारले हबके.” त्यांनी पिवळ्या नमुन्याची काडी उघडली, त्यावरचं आपल्या दुकानाचं नाव अंगठ्याने झाकून बघितलं आणि चष्मा मिटून डब्याच्या झाकणावर ठेवला. फोन त्यांनीच लावला. कारखान्यातला माणूस पलीकडून काहीतरी वाद घालत असावा. “नावं नकोत म्हटलं ना! कोरी काडी. आणि रंग? चहासारखा. हो, जुनाट. जुनाटच पाहिजे.” फोन त्यांनी खिशात टाकला.

“माझी नात दुसरीत आहे,” ते म्हणाले. “त्याच शाळेत. साधी काच आहे ना तुमच्याकडे?”

“आहे.”

“समितीत आणखी दहा-बारा जणांची पोरं निघतील. कसे देत नाहीत ते बघतो मी.” ते उठले, पुन्हा बसले. “तिला सांगायचं का पण? आपल्याला नाही सांगितलं कुणी.”

हा प्रश्न येणार हे तिला वाटलंच होतं. आत चकतीवर पाणी टपकत होतं. नळाला नवा वायसर बसवायचं राहूनच जात होतं. सांगितलं तर पोर ते पोटात ठेवील का, आणि ठेवलं तर रोज वर्गात बसून मनात काय म्हणेल, मी यांच्यासाठी घालते? आणि नाही सांगितलं तर पुढे कधीतरी एका सकाळी कुणीतरी ती काच यंत्रावर ठेवील.

“तिला माझ्याकडे घेऊन या,” ती शेवटी म्हणाली. “विचारू आपण. हो म्हणाली तर करू. नाही म्हणाली तर नाही.”

“आणि हो म्हणून वर्गात फोडलं तर?”

“तर फोडेल.”

ते मान हलवत गेले. त्यांच्यामागे दार जरा वेळ हेलकावत राहिलं. तिने समितीचं कार्ड पुढे ओढलं, जवळचा चष्मा लावला आणि ‘नंबर’पुढच्या मोकळ्या जागेत शून्य लिहिलं, स्पष्ट, गोल. मग ‘घर’ची चिठ्ठी बांधलेला चष्मा उचलून ती पायरीवर येऊन उभी राहिली. रस्त्यापलीकडे, टायरच्या गोदामाच्या भिंतीशी एक झाड होतं, पंचवीस वर्षं ती त्याच्यासमोर दुकान उघडत होती. तिने छोट्या काचा डोळ्यांपुढे धरल्या, मग बाजूला केल्या, मग पुन्हा धरल्या. काही फरक नव्हता. मनगटावर, जिथे नखं रुतली होती तिथे तिने नकळत दुसऱ्या हाताने धरलं, आणि पानं बघत राहिली.